आबा दिवा लावतात

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात देव न मानणारा माणूस म्हणून आबांना, माझ्या वडिलांना, सगळे ओळखतात. देवळापुढून जाताना कधी हात जोडले नाहीत. पण देवळाचे पत्रे वाऱ्याने उडाले, तेव्हा ते ठोकायला शिडीवर चढले ते आबाच. माय मात्र देवाला आंघोळ घातल्याशिवाय चहाही घ्यायची नाही. दोघांची रोज जुंपायची.

"तुझ्या देवाला सांग, लाइट पाठव म्हणावं," आबा म्हणायचे.

"तुमच्या वाटचं बी मीच मागते, म्हणून चालून राहिलं," असं माय म्हणायची आणि दोघंही हसायची.

मागच्या वर्षी ताईला कावीळ झाली. माझी थोरली बहीण, कनेरगाव नाका या गावात दिलेली. हिंगोलीच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा आबा तिच्या खाटेपासून हलले नाहीत. माय बाहेर पायरीवर बसून ओठ हलवत राहायची. औंढ्याच्या देवळातून आणलेला अंगारा तिनं ताईच्या उशाखाली ठेवला, तर आबांनीच उशी जरा उचलून धरली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. ताई गेली.

तेरावं झाल्यावर मायनं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि कणगीमागं ठेवून दिले. रडली नाही. आबा नुसते बघत राहिले.

काही दिवसांनी एका सकाळी त्यांनी ते गाठोडं सोडलं. देव धुतले. कोणता कुठं बसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी बाळकृष्णाचं तोंड भिंतीकडं केलं. मग दिवा लावला.

"हे काहून करून राहिले?" मायनं विचारलं.

"तू करत न्हाईस म्हणून."

"तुमीच म्हणत होते ना, तिथं कोणी न्हाई?"

"म्हणत होतो."

"मग बराबर होतं तुमचं."

ज्या शब्दांसाठी आबांनी संसारभर वाद घातला, ते तिच्या तोंडून आले आणि आबांचा चेहरा एवढासा झाला.

हळद शिजवताना, कढईशेजारी आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, "आबा, तुमी मानायला लागले का?"

"न्हाई रे. या वयात कुठून येणार ते?" वाफेत त्यांचे डोळे दिसत नव्हते. "तुझ्या मायजवळ तेवढं एक होतं. तेही गेलं. माझ्याजवळ तिला द्यायला काय हाय?"

मी कढईखाली लाकूड सारलं. एकदा मी मायची विनवणी केली, "आबांसाठी तरी एकदा हात जोड."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "त्यांना जमतं. त्यांनी कधी काही मागितलंच न्हाई त्याला. मी मागितलं होतं."

आबांचं न मानणं शांत होतं, त्यात कुणावर राग नव्हता. मायचं तसं नाही. ती कुणावर तरी रुसली आहे, आणि तो असल्याशिवाय रुसता येत नाही, हे मला कळतं. पण हे तिला सांगून काय होणार?

अजूनही आबा रोज दिवा लावतात. काडी पेटल्याचा आवाज आला की माय उठून अंगणात जाते आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडते. मी दारात उभा असतो. आत जावं की बाहेर, ते कळत नाही.