चुडाव्याचा गुलाल

काल टीव्हीवर आशियातल्या क्लबांची फुटबॉल फायनल लागली होती, दोन सामन्यांची. दुसरा सामना हरलेलाच संघ कप घेऊन नाचू लागला, तशी बायको म्हणाली, "हारले की हो हे! मग नाचायलेत कशाला?" आणि माझ्या नाकात एकदम गुलालाचा वास भरला.

मी गावच्या संघातून खेळायचो, तेव्हाची आमची फायनलही अशीच होती. एक सामना आमच्या पूर्णेत, एक शेजारच्या चुडाव्यात, आणि दोन्हीकडचे गोल मिळून निकाल. पूर्णेत आम्ही तीन गोलांनी जिंकलो, चुडाव्यात एका गोलाने हरलो. शिट्टी वाजताच अख्ख्या चुडाव्याने हलगीच्या तालावर गुलालाची पोती रिकामी केली. मग पंचांनी बेरीज सांगितली, कप पूर्णेचा. हलगी थांबली. आता मार खाऊनच जावं लागणार, या भीतीने मी पळायची वाट शोधू लागलो.

तेवढ्यात त्यांच्या सरपंचांनी पोत्याच्या तळाशी उरलेला गुलाल माझ्याच डोक्यावर ओतला. "उधळलेला गुलाल काय परत पोत्यात भरायचा? वाजवा रे!" हलगी पुन्हा कडाडली आणि दोन्ही गावं दिवस मावळेपर्यंत लालेलाल होऊन नाचली.

बायको माहेरची चुडाव्याची. त्या दिवशी फ्रॉकातली ती पोरही त्या गर्दीत नाचली होती. माझं सगळं ऐकून ती ताडकन उठून बसली.

"म्हंजे? आमी जिंकलो न्हवतो?"