रोह्याचे अणुनियामक

जगातल्या सगळ्या देशांनी छोट्या अणुभट्ट्यांची तपासणी एकत्र बसून करावी, या काळजीने झुरणारा माणूस अख्ख्या रोह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. कंपनीत जन्मभर बॉयलर सांभाळून निवृत्त झालेली माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, भजनाला जातात; यांनी अणुभट्ट्या धरल्या. रोहा स्टेशनात कुणी नुसतं "गाडी कुठल्या फलाटावर?" विचारलं तरी हे सुरू होतात, "आता बघा, कारखान्यात बनणारी छोटी भट्टी. आराखडा एकच. हा देश ती तपासणार, तो देश परत पहिल्यापासून, तिसरा आणखी पहिल्यापासून! अरे, एकानं नीट तपासलंय ना? मग त्याचं धरून पुढं चला की!" तोवर विचारणाऱ्याची गाडी गेलेली असते. आपल्याकडची पहिली भट्टी बार्जमधून धरमतरच्या खाडीत येणार, ही त्यांची खात्री. त्यामुळे पेणला आमच्याकडे आले की धरमतरला चक्कर ठरलेली. "आली काय?" ते विचारतात. बार्जवाले आता सवयीनं सांगतात, "नाय काका, कोळसाच हाय."

तत्त्व असं अंगात मुरलेलं, की बाजारात ते वांगं दाबून बघत नाहीत. "आधीच्या बाईनं दाबलंय की!" अक्का, म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी, घरी पिशवी ओट्यावर उपडी करायची, एकेक वांगं फिरवून बघायची आणि निम्मी गाईपुढं टाकायची. दुसऱ्याच्या डोळ्यांनी तांदूळ निवडले तर खडा आपल्याच दाताखाली येतो, हे अक्काचं अणुधोरण. माझा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. दरवर्षी ती यायची, मूर्ती पुढून-मागून बघायची, डोळ्यांपाशी जरा थांबायची आणि मानेनंच पास करायची. साडू बाहेर उभे राहून ओरडायचे, "पेणनं तपासलेलं रोह्यानं पुन्हा तपासायचं म्हणजे आंतरराष्ट्रीय अविश्वास हाय गो!" ती ढिम्म हलायची नाही.

अक्का गेली. जाताना तिनं एवढंच मागितलं, की घरचा गणपती चुकवू नका. वर्ष सरल्यावर यंदा साडू एकटेच मूर्ती न्यायला आले. आमच्याकडे मूर्तीच्या तोंडावर रुमाल घालूनच तिला घरी नेतात. त्यांनी तत्त्वाला जागून डोळे मिटले, रुमाल घातला, आणि निघाले. चतुर्थीच्या सकाळी फोन आला, "अरे, देवाला डोळेच नायत!"

डोळ्यांची आखणी आम्ही सगळ्यात शेवटी करतो. कारागिराला वाटलं मी बघेन, मला वाटलं नेणारा बघेल, नेणाऱ्याला वाटलं पेणनं बघितलंय. मी रंग-कुंचला घेऊन तडक रोहा गाठलं. भटजी पाटावर चुळबुळत होते आणि साडू भिंतीला टेकून उभे होते. "तिचा गणपती चुकतो की काय रे?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि मला फार वाईट वाटलं.

मी आखणी केली. साडूंनी चष्मा पुसला, निरांजन हातात घेतलं आणि मूर्ती पुढून बघितली, मागून बघितली, डोळ्यांपाशी थांबले. आयुष्यातली त्यांची पहिली फेरतपासणी. "सगळ्या देशांना कळवायला पायजे," ते पुटपुटले, "घरातल्या कुणीतरी एकदा बघायलाच लागतं." मग सवयीनं स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "बघ गो जरा. पास हाय काय?"

भटजींनी पोथीत मान घातली. मग मीच म्हटलं, "पास आहे, दादा."

"तुझं नाय चालत," ते म्हणाले, "तू पेणचा." आणि निरांजन स्वयंपाकघराच्या दाराकडे धरून तसेच उभे राहिले.