शुक्रवारची कोलंबी

कोळ्याच्या घरात जन्मून मी कोलंबीला हात लावत नाही, हे कळलं की लोक खिदळतात. खिदळू देत. त्यांना कुणी भर वर्गातून उठवून कोलंबी पोचवायला पाठवलं नव्हतं.

आमचं गाव नेरूळच्या खाडीकाठी. शाळा सिडकोनं वसवलेल्या सेक्टरात, गावातून चालत जाण्याइतकी जवळ. जिथे शाळा उभी होती ती आमच्याच लोकांची खारजमीन, पण नव्वदच्या दशकात आम्ही त्या शाळेत शिकायला लागलो तेव्हा पाहुणे आम्हीच होतो. मुलं दोन प्रकारची. बिल्डिंगवाली आणि गाववाली. बिल्डिंगवाल्यांचे बाबा बँकेत, नाहीतर मंत्रालयात. आमच्यातल्या कुणाचे बाप महाप्याला कंपनीत हेल्पर, बाकीच्यांचे खाडीत. सातवीच्या पहिल्याच दिवशी वर्गशिक्षिका बाईंनी फर्मान काढलं, "गावातल्या मुलांनी मागे, खिडकीपाशी बसायचं." कारण विचारायची गरज नव्हती. बाईंनी रुमाल नाकाला लावला होता.

आणि मजा म्हणजे याच बाई मालवणकडच्या! माशाशिवाय घास उतरायचा नाही त्यांच्या घशाखाली. वास फक्त आमच्या अंगाला यायचा, त्यांच्या ताटातल्या माशाला नाही. शी! आजही आठवलं की तोंड कडू होतं.

जून संपायच्या आत बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. आवाजात साखर. "तुझी आई बाजारात बसते ना गं? दर शुक्रवारी खाडीची कोलंबी आणशील? ताजी हं. आणि सोलून आण बाई, मला शाळेतून जाऊन सोलत बसायला कुठे वेळ असतो."

घरी सांगितलं तर आईला आभाळ ठेंगणं झालं. "बाईंनी तुलाच सांगितला? येवऱ्या पोरींन?" दर शुक्रवारी ती पहाटे उठून कोलंबी निवडायची. मोठी मोठी बाईंना, बारीक घराला. सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायची, स्वच्छ धुऊन डब्यात भरायची. मी पण तोऱ्यात डबा घेऊन निघायचे. बाईंनी मला निवडलं होतं ना!

आता डबा दुपारपर्यंत वर्गात ठेवला तर कोलंबी टिकणार कशी? म्हणून पहिल्या तासाची घंटा झाली की बाई हाक मारायच्या, "जा गं, सासूबाईंकडे देऊन ये पटकन." बाईंचं घर स्टेशनच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. सासूबाई दार अर्धंच उघडायच्या. "तिथेच थांब. पायपुसण्यावर येऊ नकोस." मग कोलंबी पातेल्यात ओतून हुंगायच्या, हलवून बघायच्या, मागच्या खेपेपेक्षा लहान आहे म्हणून कुरकुरायच्या. रिकामा डबा मात्र खाली वॉचमनच्या नळावर धुवायचा, कारण त्यांच्या मोरीला वास राहतो म्हणे. ते सगळं उरकून मी धापा टाकत शाळेत पोचायचे, तोवर फळा पुसायला सुरुवात झालेली असायची.

शुक्रवारी पहिले दोन तास गणिताचा जोडतास असायचा. गणित शिकवायच्या त्याच बाई. नवीन प्रकरण त्या जोडतासालाच सुरू करायच्या, कारण सलग वेळ मिळतो. सोमवारी थेट उदाहरणं. मी हात वर करून विचारलं तर म्हणायच्या, "शुक्रवारी शिकवलंय. तेव्हा लक्ष कुठे होतं?" वर्ग हसायचा. मला वाटायचं, बाई विसरल्या असतील. किती कामं असतात त्यांना! डोंबलाची कामं.

मला आठवीला सेमीत जायचं होतं. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, आणि ती एकच तुकडी, 'अ'. पुढे सायन्सला जायचं तर ही तुकडी हवीच, असं सगळे बोलायचे. मला जायचंच होतं. शाळेच्या बंद कपाटातल्या काचेच्या नळ्या मी मधल्या सुट्टीत नाक लावून बघत बसायचे. इंग्रजीत मला चांगले मार्क होते. बाकीच्या विषयांतही. लटकलं ते गणित.

निकालाच्या दिवशी आई बाजारातून तशीच आली. माशांची पाटी गेटाबाहेर ठेवली, पदराला हात पुसले आणि बाईंसमोर उभी राहिली. खुर्ची रिकामी होती. बस म्हणून कुणी म्हटलं नाही.

"बाई, पोर सेमीन बसंल ना?"

"अहो, डोकं चांगलंय तिचं," बाई म्हणाल्या. "पण गणित फार कच्चं. घरी कुणी बघायला नाही ना तुमच्याकडे. तुम्हा लोकांना शिक्षणाचं महत्त्व पटेपर्यंत मुलं मोठी होतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "बाई, शुक्रवारी मी वर्गात नसतेच. तुमच्या घरी असते."

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या माझ्याकडे न बघता आईला म्हणाल्या, "बघा, कारणं कशी तयार असतात. मी काय जबरदस्ती केली होती? तुम्हीच हौसेनं पाठवत होता ना?"

बाजारात पोलिसालाही न घाबरणारी माझी आई त्या टेबलापुढे मान खाली घालून उभी राहिली. मग तिनं बाईंना हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो.

गेटाबाहेर तिनं पाटी उचलली नाही. मला विचारलं, "ती काय शिकवाची शुक्रवारी?"

"गणित."

"दर शुक्रवारी?"

"हो."

ती तिथेच फूटपाथवर बसली. "मना वाटला, बाई तुला जवल करतान," एवढंच म्हणाली. मग एकदम भडकली आणि भर रस्त्यात बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सेक्टरातल्या बायका खिडक्यांतून बघत होत्या. बघू देत. माझ्या जिवाला तेवढंच बरं वाटलं.

मी 'क' तुकडीत गेले. तिथे जवळजवळ सगळं आमचंच गाव. विज्ञानाचे सर आले तर आले. कपाटातल्या नळ्या 'अ'साठी बाहेर काढायचे, आम्ही धडे वाचून दाखवायचो. दहावीला मी पास झाले आणि आर्ट्सला गेले. 'गावातल्या मुलींना सायन्स झेपत नाही,' हे वाक्य मी त्या शाळेत इतक्यांदा ऐकलं, की बोलणाऱ्यांना ते खरंच वाटत असावं.

पण मला कोलंबीची खरी शिसारी बसली ती त्या निकालानंतरच्या जूनमध्ये. आठवी सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. मी शाळा सुटल्यावर आईला मदत करायला बाजारात गेले. शेजारच्या पाटीवर गावातलीच एक मावशी बसायची. तिची मुलगी नुकतीच सातवीत गेली होती, त्याच बाईंच्या वर्गात. मावशी कोलंबी सोलत होती. मोठी मोठी वेगळी काढत होती. आनंदानं फुलून आईला म्हणाली, "बाईंनी माज्या पोरीला निवरली गो!"

आईनं तिचा हात धरला. सगळं सांगितलं, जोडतास, वॉचमनचा नळ, निकाल, सगळं. मीही मधे मधे बोलत होते. मावशीनं ऐकून घेतलं. मग हात सोडवून घेतला आणि पुढची कोलंबी उचलली.

"तुजी पोर नाय बसली सेमीन," ती म्हणाली, "म्हनून जलतंस तू."