भिंतीवरचा सत्ताविसावा

अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीच्या जिन्याखाली काचेचा फलक आहे. माहितीच्या अधिकाराखाली तिथे साहेबापासून शिपायापर्यंत सव्वीस जणांचे पगार लावलेले असतात. कोणाची वेतनवाढ झाली आणि कोणाची अडली, हे त्याच्या बायकोच्या आधी समोरच्या चहाच्या टपरीला कळतं, ते या फलकामुळे.

ही यादी नऊ वर्षं धर्मेंद्र टाइप करत होता. वय चौतीस, नाव रुबाबदार, अंगानं मात्र पऱ्हाटीची काडी. गडी एजन्सीमार्फत लागलेला, कंत्राटी. म्हणून यादीत त्याचं नाव कधीच नव्हतं.

आता हा अंजनगाव सुर्जीला मुलगी बघायला गेला. रागिणी आवडली, आणि आवडली म्हणून जीभ सुटली. तिचे वडील भगवंतराव, पानमळेवाले. त्यांनी पगार विचारला, तर आकडा सांगायचं सोडून हा म्हणतो, "आमच्या हापिसात लपवाछपवी नाही, मामाजी. सगळ्यायचे पगार भितीवर लावेल असतेत. कवाबी या, पाहून घ्या."

मंगळवारी सकाळी फोन आला. भगवंतरावांची एसटी अकोटच्या पुढे आली होती.

धर्मेंद्रनं घाईघाईनं यादी नव्यानं छापली. सत्ताविसावा : धर्मेंद्र, शेहेचाळीस हजार दोनशे. काच लावून खुर्चीवर येऊन बसला. बसवेना. उठून पाहून आला. परत बसला, परत उठला. फलकाची किल्ली मुठीत असून खिसे चाचपत होता बिचारा.

तिसऱ्या खेपेला फलकासमोर जमुनाबाई उभी. कचेरी झाडणारी, त्याच एजन्सीची. बोट टेकवून वाचत होती.

"भाऊ, पर्मनंट झाले अन् पेढाबी नाही?"

"हळू बोल ना बाई."

"हळूच बोलून राह्यली. मंग माह्यं नाव कावून नाही? अठ्ठाविसावं टाका. पन्नास हजार लिवा, मले बी पोरासाठी सून पाहाची हाये."

ती हसली, हा घामाघूम. यादी वाचणारे काय एकटे भगवंतराव होते? दुपारपर्यंत टपरीला कळलं असतं, संध्याकाळी साहेबाला. आणि नऊ वर्षांत लोकांच्या पगारात एक शून्य चुकलं नव्हतं. पहिला खोटा आकडा पडला तो स्वतःच्याच नावापुढे. त्यानं काच उघडली, पेन काढलं, आकडा खोडला आणि वर लिहिलं : चौदा हजार दोनशे. जमुनाबाई हलेना, म्हणून खाली लिहिलं : अठ्ठाविसावी, जमुना, नऊ हजार आठशे.

"आता बरोबर हाये," ती म्हणाली. "वाईट हाये, पन बरोबर हाये."

काच लागते न लागते तोच मागून खाकरल्याचा आवाज आला. भगवंतराव. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या नंबरापासून सुरुवात केली.

"तुमचे साहेब एवढे घेतेत? अन् एका सहीले चार दिवस लावतेत?"

धर्मेंद्र एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. बोट सरकत सत्ताविसाव्यावर आलं.

"हे खोडलं कोनं?"

"मीच."

"अन् पयले लिवलं कोनं?"

"तेबी मीच. पयले खोटं होतं."

भगवंतरावांनी खिशातून मोबाइल घेतला. त्यांनी फलकाचा फोटो काढला, रागिणीला पाठवला आणि बाकावर बसले. धर्मेंद्र जिना तीन पायऱ्या चढला, तीन उतरला. बऱ्याच वेळानं मोबाइल वाजला. म्हाताऱ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोबाइल खिशात ठेवला. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

जमुनाबाईनं चहा आणला. त्यांनी कप बाजूला सारला.

"नको बाई."

झालं, आपलं मोडलं, असं म्हणत धर्मेंद्रनं भिंतीला पाठ टेकली.

"साखर कमी हाये का?" तिनं विचारलं.

"तसं नाही. पोरीच्या सासरचं आमच्यात पानीबी चालत नाही."

जमुनाबाईनं कप उचलला आणि तो चहा तिथंच उभ्यानं पिऊन टाकला. धर्मेंद्र अजून फलकाकडेच बघत होता.

"काय म्हनले ते?" त्यानं तिलाच हळूच विचारलं.

"पेढे आना, मंग सांगीन."