थंड खोलीतला बद्रीनाथ

“मंग माझी मशीन कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर?” शिलाई मशीनवरचा पाय काढून मीनाने समोरच्या कपाटाकडे हात केला.

तिचा नवरा बद्रीनाथ म्हणाला, मशीन गॅलरीत जाईल. मीना म्हणाली, गॅलरीत दुपारभर ऊन येतं, आणि दिवाळीचे अकरा ब्लाउज शिवायचे राहिलेत, ते काय हे कपाट शिवणार आहे? आठ दिवसांतलं हे चौथं भांडण होतं आणि चारही त्या कपाटापायीच झाली होती.

कपाट पुरुषभर उंच, काळं, काचेच्या दाराचं. हुकमचंदशेठच्या बियाणे कंपनीत अठरा वर्षं त्यात सगळी माहिती साठवणारा सर्व्हर होता, आणि बद्रीनाथ त्या सर्व्हरचा राखणदार. मे महिन्यात सारं जालना भाजून निघायचं तेव्हा हा अर्ध्या बाह्यांचं स्वेटर घालून बसलेला असायचा, कारण मशीन तापू नये म्हणून त्या खोलीत दोन एसी चालत. किल्ली एकच, त्याच्या पट्ट्याला. आत येताना मॅनेजरसुद्धा चपला बाहेर काढत. खंडेनवमीला शेठ स्वतः येऊन सर्व्हरला झेंडूची माळ घालत. नारळ तेवढा बाहेर फोडत, पाणी उडायला नको म्हणून.

यंदा माळ घालायला काही उरलंच नव्हतं. शेठचा मुलगा रजत याने सगळा कारभार क्लाउडवर नेला होता. बद्रीनाथच्या आईने, साळूबाईंनी, म्हणजे काय ते विचारलं. त्याने सांगितलं, आपली माहिती आता दुसऱ्या एका कंपनीच्या मोठ्या मशीनवर भाड्याने ठेवली आहे, ती इंटरनेटवरून कुठूनही उघडते, आणि मशीनची देखभाल तीच कंपनी करते.

साळूबाई तांदूळ निवडता निवडता थांबल्या. “म्हंजे राखण ते करणार. मंग तू काय करणार?”

खरी बोच तीच होती. रजतने तर उत्तर देऊन टाकलं होतं. “बद्रीकाका, मशीन सांभाळायचं काम संपलं. आता तुम्ही बियाण्याच्या प्लॉटवर जा. लोक काम कसं करतात ते बघा, अन् तसं ॲप बसवून द्या.” बद्रीनाथला त्यातलं एवढंच ऐकू आलं की अठरा वर्षांनी आपल्याला उन्हात काढलं. सोमवारपर्यंत काय ते सांगायचं होतं. त्याने मनाशी ठरवलं होतं, नोकरी सोडायची आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं. भंगारात निघालेलं कपाट त्याने टेम्पोत घालून आणलं ते दुकानाला भारदस्तपणा यावा म्हणून. मीनाने विचारलं, गल्लीत कॉम्प्युटर किती? दोन होते, त्यातला एक त्यांचाच.

पण पगार अजून चालू होता, म्हणून गुरुवारी तो धावड्याला गेला. धावडा मीनाचं माहेर. तिथे शेडनेटखाली कंपनीचं मिरचीचं बियाणं तयार होई. बायका एका जातीच्या कळ्या उघडून त्यांना दुसऱ्या जातीचे पराग लावत आणि लावलेल्या फुलाला दोरा बांधत. त्यांची म्होरकी सोनूबाई ही मीनाची चुलत काकू. तिने खुर्ची मागवली.

“बसा जावईबापू, सावलीत बसा. थंड खोलीतली माणसं तुम्ही, इथं विरघळून जाल.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बद्रीनाथने घाम पुसून ॲप उघडलं. प्रत्येक ओळीपुढे पराग लावल्याची तारीख भरायची, असं त्याने समजावलं. सोनूबाईने ऐकून घेतलं. “तारीख तुमच्या हापिसात. आमचा आज पिवळा.”

त्याला काही कळलं नाही. ॲपमध्ये आधी भरलेली पानं उघडली तर दोनशे ओळींपुढे एकच तारीख. सुपरवायझरने चहाच्या टपरीवर बसून सगळी एकदम भरलेली. दिसायला एकदम टापटीप आणि सगळी खोटी.

घरी येऊन त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर मीना हसतच सुटली. लग्नाआधी चार हंगाम तिने हेच काम केलं होतं. सोमवारी लाल, मंगळवारी पोपटी, गुरुवारी पिवळा. रोजच्या दोऱ्याचा रंग वेगळा. “बाजाराच्या दिवशी निम्म्या बाया येत न्हाईत, त्या दिवशी पांढरा. दोरा बघून कळतं कोणतं फळ कवा तोडायचं.”

“हे तू मला कधी सांगितलं न्हाई.”

“तुम्ही विचारलं कवा? घरी आले की आधी चहा मागायचे, थंडी भरली म्हणून.”

अठरा वर्षं धावड्याच्या आकड्यांची बद्रीनाथने रोज इमानेइतबारे नक्कल काढून ठेवली होती. त्या आकड्यांमागे दोरा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

शुक्रवारी तो लॅपटॉप घेऊन शिलाई मशीनशेजारी बसला. तारखेचा रकाना काढून तिथे सात रंगांचे चौकोन केले. रंग दाबला की तारीख फोनमध्ये आपोआप भरली जाईल. मीना रिळं पुढे करत होती आणि चुकाही काढत होती, हा हिरवा झाला, पोपटी असा नसतो. पूर्वी एवढ्या बदलाला पुण्याहून माणूस यायचा, सर्व्हर दिवसभर बंद राहायचा आणि दोन महिने जायचे. मीनाचे दोन ब्लाउज शिवून होईपर्यंत नवं पान धावड्यात पोचलंसुद्धा.

शनिवारी दुपारपासून रंग येऊ लागले. मग सोनूबाईचा फोन. चौदाव्या ओळीत निम्मे दोरे कालचे आहेत, एका ओळीला दोन रंग दाबता यायला पाहिजेत, जावईबापूंनी तेवढं जल्दी करावं. सर्व्हरने अठरा वर्षांत फोन करून त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्याने ते लगेच करून दिलं, आणि झालं का म्हणून स्वतःच उलटा फोन लावला.

रविवारी जेवताना मीनाने विषय काढलाच. मशीन हलवायची असेल तर आजच सांगा, उद्या गिऱ्हाईक यायचंय. साळूबाईंनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला.

बद्रीनाथने शेवटचा घास संपवला, पाणी प्याला.

“दुकान काढायचं न्हाई. उद्यापासून मी प्लॉटवर जाणार, उद्या धावडा, परवा वडीगोद्री. डबा सहाला लागंल. कपाट सकाळी पुंजाराम भंगारवाला नेणार आहे, मशीन हाये तिथंच राहील.”