टिचकीशिवाय न हलणारा काटा

आमच्या मेहुण्यांनी नोकरी सोडून दोन वर्षं घरच्या कॉम्प्युटरवर एक बॉयलर पेटता ठेवला होता. कारखान्यातल्या नव्या कामगारांनी खऱ्या बॉयलरआधी या खोट्यावर हात बसवायचा, असं ते सॉफ्टवेअर. पण म्हाताऱ्या फोरमननं मान डोलावल्याशिवाय कारखाना ते घेणार नव्हता, आणि फोरमन नऊ वेळा नाही म्हणून गेला होता.

"आकडे चुकलेत का?" मेहुण्यांनी शेवटी विचारलं.

"आकडे बरोबर आहेत हो. पण तुमचा दाबाचा काटा फारच सज्जन. आमचा अडकतो. काचेवर टिचकी मारल्याशिवाय खरं बोलत नाही."

"अगदी आमच्या ह्यांच्यासारखा!" मेहुण्यांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मेहुणे हट्टाला पेटले. आठवडाभर खपून त्यांनी काटा अडकवला. माऊसनं टिचकी मारली की तो सुटायचा.

दहाव्या वेळी फोरमन बसला. काटा अडकल्याचं दिसताच त्यानं सवयीनं थेट स्क्रीनवरच बोटानं टिचकी मारली. तरी काटा ढिम्म!

"अहो, वाफ सोडा आधी, वाफ!" ओरडत तो दारापर्यंत पळाला.

मग ओशाळून परत आला.

"घेऊ या आपण हे," तो म्हणाला.