स्लॅबचं घर

शर्मिलाला सोडतीत सरकारी घर लागलं, तेव्हा नवी मुंबईत दिघ्याच्या आमच्या गल्लीत पेढ्यांआधी मतं वाटली गेली. शेजारचा कमळाकर म्हणाला, घरावरचं अनुदान म्हणजे आमच्याच टॅक्सचा पैसा. कंपनीत शर्मिलाच्या शेजारी पॅकिंगला बसणारी, मूळची इथलीच, करावे गावची रुतिका तर डबा खाता खाता भडकलीच. "आमचे जमिनीवर शहर उबं रायलं. आमची घरं अजून बेकायदा, न अनुदान तुमाला?" रुतिकाचंही काही खोटं नव्हतं.

मला विचाराल, तर दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवणाऱ्या बाईला सरकारने हात दिला म्हणून कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण अट नडली. देशात कुठेही पक्कं घर असेल तर अनुदान नाही. आणि तिच्या नवऱ्याच्या, दत्तूच्या नावावर परभणीकडे गावात दोन खोल्या होत्या. मुंबईला गेलेला लेक परका होऊ नये म्हणून सासऱ्यांनी, बाजीरावांनी, मुद्दाम त्याच्या नावावर केलेल्या. तिथे राहून खायचं काय, हे कुठल्या अटीत लिहिलेलं नाही.

"नाही म्हणून टाक गं, कोण बघायला जातंय तिकडे?" यावर मात्र गल्लीचं एकमत झालं. शर्मिलाला खोटं पचत नाही. पण अनुदानाशिवाय कर्जाचा हप्ता झेपणार नव्हता. शेवटी ती तयार झाली.

शुभकामाला घरातलं वडीलधारं माणूस हवं, म्हणून दत्तूने बापाला गावाहून बोलावून कागदपत्रांच्या पडताळणीला सोबत नेलं. तिथे काय बोलायचं नाही, हे बापाला सांगायची मात्र त्याला लाज वाटली.

काउंटरवरच्या साहेबाने विचारलं, "गावी पक्कं घर?"

"नाही," शर्मिला म्हणाली.

बाजीराव ताडकन पुढे झाले. "न्हाई कसं? स्लॅबचं हाय, साहेब! दत्तूच्याच नावावर. आमी काय उघड्यावरचे न्हाईत."

दत्तूने मान खाली घातली. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने पेन थांबवलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, बाबांचं वय झालंय. त्यांच्या लक्षात राहत नसेल, ना?"

नुसती मान हलवायची होती. आपलं काय चुकलं ते न कळून बाजीराव सुनेकडे बघत होते.

"नाही साहेब," शर्मिला म्हणाली. "बाबांच्या सगळं लक्षात असतं."